मैनेला मुंबईत खोली का मिळाली नाही?

जॉन डेन्व्हरचं १९७१ चं 'कंट्री रोड्स' येत नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये विरळाच. गिटार बाहेर काढली की पहिलं तेच! त्यातलं गाव आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही, तरी सगळे भावुक होतात. पण हीच गावाची ओढ कोणी डफावर गायली, की लगेच शेरा... "काय गावठी लावलंय!" हा कुठला न्याय, सांगा बरं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीवर मी फार हक्क सांगत नाही. पण मुंबईचं सगळ्यात भारी 'कंट्री साँग' कुठलं असं विचारलंत तर माझं मत पक्कं आहे. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड!

अण्णाभाऊ १९२० साली आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावला जन्मले. शाळा जवळपास नाहीच. मुंबईत येऊन पडेल ते काम केलं, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लालबावटा कलापथक काढलं.

छक्कड सुरू होते ती अस्सल प्रेमगीत म्हणून. नवरा पोटासाठी मुंबईला निघालाय. भल्या पहाटे भाकरी बांधून बायको त्याला गावाबाहेर सोडायला येते. पत्रं पाठवीन, दागिन्यांनी मढवीन, असं तो सांगत सुटतो. ती काही हसत नाही. पुढे हीच ताटातूट बेळगाव, कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राची होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अमर शेखांच्या पहाडी आवाजाने ती गाजवली.

आता ती एवढी हिट का झाली? लोक म्हणतात, चळवळीमुळे. मला उलटं वाटतं. भाषणं काय, ढीगभर होत होती! पण समोर बसलेला परळ-लालबागचा गिरणी कामगार चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, पाळीपाळीने झोपायचा आणि खाणावळीत जेवायचा. बायको कोकणात, नाहीतर घाटावर. पगार हातात होता, पण दोघांच्या संसाराची खोली त्यात बसत नव्हती. गाण्याने आधी त्याच्या घरातली ताटातूट ओळखली, म्हणून नकाशावरची ताटातूट त्याच्या काळजाला भिडली. विरह काय, सगळ्याच प्रेमगीतांत असतो. इथे विरहाचं कारण सांगितलंय. दुष्ट सासरा नाही, नशीब नाही... सरळ गरिबी!

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक करत गिरण्या संपल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत आता आपण पिक्चर बघतो. आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहिले. कन्स्ट्रक्शनच्या लेक्चरला आपण त्यांचीच उदाहरणं देतो. पण एवढे मजले चढले, मैनेला खोली मिळाली का?

विश्वास नसेल तर मेसच्या मामांना, गेटवरच्या वॉचमनकाकांना विचारा, घरचे कुठे असतात? बऱ्याचदा उत्तर एकच... गावाला. दागिन्यांच्या वचनाऐवजी आता व्हिडिओ कॉल असतो, एवढाच काय तो फरक. हे गाणं जुनं झालंय असं म्हणणाऱ्याने हे उत्तर एकदा ऐकावं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या गॅदरिंगला 'कंट्री रोड्स' जरूर म्हणा, मीही कोरसला आहे. पण नंतर 'माझी मैना' पण म्हणा, आणि नुसती ठेक्यापुरती नको, अख्खी म्हणा. आणि हो, त्या दिवशी जेवण थोडं उशिरा झालं तरी चालेल. मेसच्या मामांना पहिल्या रांगेत बसवा!