दारूला आकडा, गांजाला अंदाज

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये दारूसाठी आकडा आहे : १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. त्यापुढे गेला की चालक गुन्हेगार. गांजा, अफू, डोडा, गुंगीच्या गोळ्या यांना मात्र आकडाच नाही. गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असावा, एवढेच कायदा म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांवर नेला, अमली पदार्थांची व्याख्या ऐसपैस केली. आकडा तेव्हाही बसवला नाही.

त्याचे फळ नंदुरबार जिल्ह्यात गुजरात सीमेवरच्या होळीच्या नाकाबंदीत दिसते. गांजा ओढलेल्याने दारू तपासणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकर मारली की शून्य उमटते आणि गाडी सुटते. पुढे विसरवाडी, मग कोंडाईबारी घाट. याच कायद्याच्या कलम २०४ खाली रक्त घ्यायचे तर फुंकरीत दारू आढळली पाहिजे, नाहीतर चालकाची फुंकर मिळालेलीच नसावी. शून्य आलेल्याचे रक्त या कलमाने मागताच येत नाही. गुजरातेत दारूबंदी, म्हणून सीमेवरचे सारे लक्ष बाटलीवर. चिलमीकडे कोण बघतो?

उरते डॉक्टरांची तपासणी : तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, बोलणे, चाल. डोकारेच्या साखर कारखान्याला रात्रभर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकाचेही डोळे पहाटे लालच असतात आणि पाय लटपटतात. आकडा नसला की खरा नशेबाज सुटतो आणि थकलेला गरीब अडकतो.

आकडा कशावर लावायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. गांजाचा अंमल काही तासांत ओसरतो. लघवीत त्याचे अवशेष मात्र कित्येक दिवस, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत आठवडेही सापडतात. लघवीच्या चाचणीवर शिक्षा ठेवली तर शनिवारी ओढलेल्याला बुधवारी शुद्धीत गाडी चालवल्याबद्दल शिक्षा होईल. म्हणून मर्यादा रक्तातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचीच हवी. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१५ पासून ती लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. डायझेपाम या औषधासाठी तीच ५५० आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेऊन नीट गाडी चालवणाऱ्याला बचावाची वाटही ठेवली आहे. मर्यादा ठरवणे म्हणजे गांजाला परवाना देणे, हा आक्षेप पोकळ आहे. गांजा बाळगणे आणि ओढणे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हाच आहे. रस्त्यावरची मर्यादा तो गुन्हा पुसत नाही.

   

कायदा केंद्राचा, तेव्हा दुरुस्ती दिल्लीतच व्हायला हवी. कलम १८५ ला पदार्थनिहाय मर्यादांचे परिशिष्ट जोडावे, कलम २०४ मधील फुंकरीची अट अमली पदार्थांपुरती काढावी. नंदुरबारच्या खासदारांनी येत्या पावसाळी अधिवेशनात ही मागणी लेखी मांडावी.