लवकर आलेली बढती

गेल्या महिन्यात भालकीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला मॅनेजर करताहेत आणि तो म्हणतो, विचार करून सांगतो! तुम्हीच चार शब्द सांगा त्याला." भाचा पुण्यास एका व्यवस्थापन-सल्लागार कंपनीत आहे. नोकरीस चार वर्षे झाली. रीतीप्रमाणे आणखी दोन वर्षांनी मिळावयाचे पद त्याला यंदाच देऊ केले आहे. बहिणीच्या दृष्टीने यात विचार करण्याजोगे काहीच नव्हते. शेजारीपाजारी पेढेही वाटून झाले होते.

तिचे चुकले असे आम्हांस म्हणवत नाही. बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्या घरांत बढतीची कल्पना रुजली ती सरकारी नोकरीतून. ज्येष्ठतेची यादी लागावी, तीत आपला क्रमांक शोधावा आणि वरचा माणूस निवृत्त होण्याची वाट पाहावी, यात आमची उभी हयात गेली. अशा घरात आपणहून चालून आलेली बढती नाकारणे म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणेच.

परंतु सल्ला विकणाऱ्या धंद्याची शिडी निराळी आहे. तेथे खालच्या पायरीवरचा मुलगा आकडे गोळा करतो, तक्ते मांडतो; त्याची चूक गिऱ्हाईकापर्यंत पोहोचण्यापूर्वी वरचा मनुष्य ती पकडतो. मॅनेजर झाला की पकडणारा तोच. कारखान्याचा पन्नाशीचा मालक त्यालाच विचारणार, "हा विभाग बंद करू की चालवू?" शिवाय, अमेरिकेतील मॅकिन्झीसारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अंगीकारलेली एक रीत या धंद्यात पुष्कळ ठिकाणी आहे: ठराविक मुदतीत वर चढा, नाहीतर बाहेर पडा. म्हणजे पुढच्या पायरीचे घड्याळ बढतीच्याच दिवशी सुरू होते. दोन वर्षे वाचली असे आपण म्हणतो. शिकण्याच्या हिशेबात ती दोन वर्षे वजाही होतात.

दुसरी बाजू दुबळी नाही. पगार वाढतो, आणि बहिणीच्या घरावर कर्ज आहे. तेच तक्ते आणखी दोन वर्षे मांडीत बसल्याने बुद्धीला गंज चढतो, हेही आम्ही पाहिले आहे. आणि आज नको म्हटलेली संधी उद्या दार ठोठावील, याची हमी कोण देणार?

या विषयात आम्हांस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आठवतात. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून शिकून ते 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. गुणांच्या बळावर अनेक ज्येष्ठांना मागे टाकून वर चढले. त्याबद्दल सहकाऱ्यांत कुरबूर झाली. आणि सर्वोच्च पद तर त्या काळी हिंदी माणसाला मिळणे नव्हते. 1908 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीने हैदराबाद बुडवले. त्या वेळी आपले हे दोन्ही जिल्हे निजामाच्याच राज्यात होते. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना खास सल्लागार अभियंता म्हणून बोलावले. शहराच्या वरच्या अंगास जलाशय बांधून पूर अडवावा, हा त्यांचा सल्ला. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. मात्र लक्षात घ्यावे, की हा सल्ला द्यावयास बसले तेव्हा नाशिक, खानदेश, सक्करचा पाणीपुरवठा, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे अशी चोवीस वर्षे त्यांच्या गाठीशी होती. बढत्या लवकर आल्या, सल्लागारकी उशिरा आली. भाच्याच्या धंद्यात या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात.

आमची स्वतःची गोष्ट लहान आहे, तरी सांगतो. एका सरकारी खात्यात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, वरिष्ठ रजेवर गेल्याने आम्हांस उपविभागाचा कार्यभार मिळाला. आईने सत्यनारायण घातला. पहिल्याच महिन्यात मातीकामाच्या मोजमाप वहीवर आम्ही जागेवर न जाता सही केली. कारण वही पुढे करणारा कारकून आमच्या वडिलांच्या वयाचा होता, आणि त्याला "पुन्हा मोजू" म्हणण्याची आम्हांस लाज वाटली. भराव कमी निघाला. चौकशी झाली, वेतनवाढ रोखली गेली. काम आम्हांस येत होते. येत नव्हते ते वडीलधाऱ्या माणसाला थांबवणे.

म्हणून भाच्याला आम्ही पगार विचारला नाही. विचारले ते एवढेच, की ही बढती तुझे काम पाहून देताहेत की जागा रिकामी पडली म्हणून? तो जरा घुटमळला. म्हणाला, "मामा, दोन मॅनेजर एकदम सोडून गेले. आणि ज्याने मला काम शिकवले, तो आता माझ्या हाताखाली येईल." तुझ्या वर कोण राहणार, असे विचारता त्याला सांगता येईना. आमच्या मते खरी अडचण इथे आहे. लवकर चढण्यात धोका नाही. चूक पकडणारे कुणी वर नसताना चढण्यात आहे.

आम्ही त्याला नको म्हण असे सांगितले नाही. पहिल्या दोन कामांपुरता एखादा मुरलेला भागीदार आपल्यासोबत गिऱ्हाईकाकडे यावा, आणि हे तोंडी न राहता पत्रात लिहून मिळावे, एवढे मागून पाहा, असे सुचवले. ज्याने शिकवले त्याच्याशी मात्र पत्र येण्यापूर्वी स्वतः जाऊन बोल, हेही सांगितले. त्याप्रमाणे त्याने कंपनीस लिहिले आहे, आणि त्या मित्राकडे जेवून आला आहे. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. कंपनीचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. बहीण तूर्त आमच्याशी बेताचेच बोलते.