४७० रुपयांतली रात्र

"या वीकेंडला जमणार नाही यार, काम आहे."

आमच्या ग्रुपमधल्या वाळूजवाल्याचं हे उत्तर आम्हाला पाठ झालंय. म्हैसमाळच्या टेंट पॅकेजचा मेसेज टाकला, माणशी २,००० रुपये, आणि दोन मिनिटांत तेच उत्तर! या वेळी मात्र माझी ट्यूब पेटली. काम कसलं, महिन्याची पंचवीस तारीख होती! आणि खरं सांगू? माझंही दोन महिन्यांचं मानधन अडकलेलं. पण कबूल कोण करणार?

शेवटी मीच लिहिलं, "माझ्याकडे पाचशेच आहेत. तेवढ्यात बसवू या." पहिलं 'डन' कुणाचं आलं असेल? बरोब्बर!

मग बसलो हिशेबाला. म्हैसमाळ शहरापासून चाळीसेक किलोमीटर, म्हणून कारऐवजी तीन बाइक्स. पेट्रोल ६००. दोन टेंट भाड्याने, ८००. ओळखीच्या काकांच्या शेतात जागा, पाणी, सरपण, ५००. शहागंजातून वांगी, रताळी नि बाकी शिधा, ४५०. भाकऱ्या आणि ठेचा घरचा. एकूण २,३५०, भागिले पाच. माणशी ४७० फक्त! (फुकट पडतं म्हणून गौताळ्यात कुठेही तंबू ठोकू नका हं. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते.)

वांगी-रताळी थेट निखाऱ्यात भाजा, भांडी लागतच नाहीत. टेंटखाली जुना फ्लेक्स अंथरा, वर रद्दीचा जाड थर. डिसेंबरातला गारठा जमिनीतून चढतो. आम्ही नेमकी रद्दीतच कंजुषी केली आणि रात्री दोनला पाचही जण कुडकुडत शेकोटीभोवती! टॉर्च, हेल्मेट, औषधांचा डबा यांतही काटकसर नको.

त्या शेकोटीपाशीच वाळूजवाला बोलला. कॉन्ट्रॅक्ट संपून तीन महिने झाले होते. "घरी माहितीये. तुम्हाला सांगायची लाज वाटत होती." कुणी काही बोललं नाही. एकानं भाजलेलं रताळं त्याच्यापुढे सरकवलं. सकाळी चहाबरोबर दोघांनी त्याचा सीव्ही मागून घेतला.

परतताना खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं. बाहेरच्या चहाचे पैसे त्यानं काढले. आम्ही देऊ दिले.

तर मंडळी, पुढच्या ट्रिपचा मेसेज टाकताना आधी आपल्या खिशातला खरा आकडा टाका. 'काम आहे' म्हणणाऱ्याला खरंच काम आहे का, ते लगेच कळेल.