सूर मारण्याआधी परस मोजा

शिवाजी पेठेच्या गल्ल्यांत स्कूटर लावायला जागा मिळत नाही, तिथे घरचा स्विमिंग पूल कुठून येणार? पण पेठेतल्या घरांचे पाहुणे आता शहराबाहेर फार्महाऊस बांधतात, त्यात पूल करतात आणि मे महिन्याच्या सुटीत सारे खानदान तिथे जमते. दोन दिवस पोहून झाले की मुलांची फर्माईश येते, "मामू, उडी मारायला फळी बसवा ना!" मामू लाडके, फळीही काही फार महाग नाही. म्हणून आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला.

आपल्याकडे पोहणे विहिरीत शिकवत. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोराला पाण्यात सोडत. पोहता आले की आधी मुटका, मग सूर. पण त्याआधी जुनी माणसे विचारत, "पाणी किती परस?" परस म्हणजे एक पुरुष उंची. दोन परस पाणी म्हणजे साधारण ११ फूट.

आता स्पर्धांचे नियम पाहा. पाण्यापासून १ मीटर उंच असलेल्या फळीखाली किमान ३.४० मीटर, म्हणजे ११ फुटांहून थोडे जास्त पाणी लागते. ३ मीटरच्या फळीला ३.७० मीटर. तेही फक्त टोकाखाली पुरत नाही, उडी जिथवर जाते तिथवर पुढेही जवळपास तेवढीच खोली हवी. विहिरीवरच्या चाचांचा हिशेब आणि नियमाचे पुस्तक एकच सांगतात.

घरचे पूल मात्र बहुधा चार-पाच फुटांचेच असतात. पोहायला तेवढे पुरे. पण लवचिक फळी मुलाला वर फेकते. पाण्यापासून दोन मीटर वरून खाली येणाऱ्या शरीराचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर होतो. पाच फूट पाण्यात तो वेग मोडण्याआधीच डोके फरशीला लागते. मानेत सात मणके आणि त्यांतून जाणारा मज्जारज्जू. तो दुखावला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. चांगला पोहणाराही यातून सुटत नाही, कारण इथे प्रश्न पोहण्याचा नसून खोलीचा आहे.

म्हणून फळीचे नाव काढले की आधी काठीने पाणी मोजावे. दोन परस नसेल तर फळी नको. पुलाच्या काठावर खोलीचा आकडा ठळक रंगवावा. उथळ पाण्यात सूर नाही, पायांवर उडी मारली तरी बेताने, हा नियम मोठ्या मुलांनाही लावावा. भाईजानने सूर मारला की धाकटे मागोमाग मारतात.

आणि अल्लाह न करो, कुणाला तळ लागलाच तर त्याला हाताला धरून ओढू नये. चेहरा वर ठेवून, डोके, मान, पाठ एका रेषेत राहील असे पाण्यावरच तरंगत धरावे आणि १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर मात्र जपून लगेच बाहेर काढून श्वास द्यावा.

मुलांची हौस मोडायची नाही. ज्याला सूर शिकायचा आहे, त्याला खोल पाण्याच्या तलावावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली पाठवावे. मामूंच्या पुलात पोहणे, चेंडू आणि मुलांचा दंगा एवढे पुष्कळ आहे.