नेपाळला गाडीने की विमानाने?

मैत्रिणींनो, यंदा मे महिन्यात पशुपतिनाथाचा बेत आहे. "दारात गाडी असताना पाच तिकिटांचा खर्च कशाला?" हे आमच्या ह्यांचे म्हणणे. मग मी हिशेबाची वही काढली.

कर्जतहून सोनौलीची सरहद्द सोळाशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल, टोल, जाता-येता वाटेतले मुक्काम. गाडी नेपाळात न्यायची तर 'भन्सार', म्हणजे तिथली जकात, दिवसाच्या हिशेबाने भरायची. पुढे काठमांडूपर्यंत घाट. खोपोलीकरांना घाटाचे काय कौतुक, असे वाटेल. पण ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखरा-काठमांडू रस्त्यावरून मर्स्यांगदी नदीत कोसळली. अनोळखी घाटात ह्यांनी थकून गाडी हाकावी, हे मला मुळीच पटत नाही. पावसाळ्यात तर नावच नको.

दिल्लीहून विमान दोन तासांच्या आत पोचवते. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेच बरे. व्हिसा लागत नाही. पण मोठ्यांजवळ पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र हवेच. आधारकार्ड फक्त पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या पुढच्यांना चालते. हे आधी तपासा, विमानतळावर नव्हे!

स्वस्तातला मार्गही आहे. कल्याणहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सोनौली शंभरेक किलोमीटर, पलीकडे तिथलीच गाडी नि तिथलाच चालक. आरक्षण साठ दिवस आधी उघडते.

आमचे ठरले: सासूबाई नि मी विमानाने, हे आणि मुले रेल्वेने. ह्यांचा चेहरा अजून जरा उतरलेलाच आहे.