दुसऱ्यांदा कधी येणार?

डिसेंबर लागला की मला दोन-तीन फोन ठरलेले असतात. सुट्टीला घरी आलेलं कुणीतरी बोलत असतं. कुणी बोस्टनमध्ये जीवरसायनशास्त्रात काम करतं, कुणी जर्मनीत हवामानाची गणितं मांडतं. ‘तुम्ही मुळशीतल्या शाळांवर लिहिता ना? एखाद्या शाळेत जाऊन मुलांसाठी काही करायचंय. माझ्याकडे एक दिवस आहे.’ पुण्यात पाषाणच्या संशोधनसंस्थांमधली तरुण मंडळीही हेच विचारतात. या सगळ्यांची तळमळ खरी असते, हे मी अनुभवाने सांगते. तरी गेली काही वर्षं मी त्यांना एकच प्रश्न परत विचारते: दुसऱ्यांदा कधी येणार?

हा प्रश्न मला मुळशीतल्या रिहे खोऱ्याने शिकवला. घोटावड्याच्या पुढे रस्ता आत वळतो आणि रिहे, पडळघर, कातरखडक, खांबोली अशी गावं लागतात. भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि स्वच्छ हवेत उंचावर गेलं की पूर्वेला हिंजवडीच्या काचेच्या इमारती. या खोऱ्यातल्या एका शाळेत मी स्वतः पाहुणे घेऊन गेले होते. दुर्बीण होती, सूक्ष्मदर्शक होता, फुगे आणि चुंबकं होती. मुलं हरखून गेली. निघताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘आमच्या विहिरीचं पाणी त्या यंत्राखाली बघायचं राहिलं. मी बाटली भरून ठेवू का?’ ठेव, म्हटलं. आम्ही परत गेलो नाही. त्या बाटलीचं काय झालं असेल, हा विचार अजून माझ्या मागे आहे. चूक पाहुण्यांची नव्हती. शाळेची तर नव्हतीच. घेऊन जाणारी मी होते, आणि एका दिवसाला मी काम समजले होते.

रिह्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत किती शास्त्रज्ञ राहतात, ते पाहा. 1950 साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या शेजारी आयसर, जवळच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, राष्ट्रीय विषाणू संस्था, विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि पेशीविज्ञान केंद्र. देशात इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी असेल. गरीब देशांतल्या आरोग्याला आणि शिक्षणाला शास्त्रज्ञांनी स्वयंसेवक म्हणून हातभार लावावा, असं जगभर बोललं जातं, तेव्हा डोळ्यांपुढे विमानप्रवास येतो. आपल्याकडे हे अंतर एका एसटीचं आहे.

आणि शास्त्रज्ञ गावात जाऊन काय करू शकतो, याचा सगळ्यात भक्कम दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. श्रीनाथ कलबाग इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले आणि पुढे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरच्या पदावर पोचले. ते पद सोडून 1983 साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पत्नी मीराताईही बरोबर गेल्या. पाबळ अवर्षणाचा भाग. पाण्यासाठी वणवण ठरलेली. मुलं हाताने काम करता करता शिकली तर त्यांची बुद्धी अधिक चालते, ही कलबागांची धारणा. ती त्यांनी भाषणांत मांडली नाही, पाबळमध्ये वीस वर्षं राहून तपासली. 2003 मध्ये ते गेले, तेव्हाही ते पाबळचेच होते.

तिथे काय चालत असे, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. शाळा सुटलेली, दहावी नापास झालेली मुलं वर्षभराच्या अभ्यासक्रमाला येत. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, स्वयंपाक आणि आरोग्य, सगळं एकाच मुलाने शिकायचं. जमिनीचा विद्युत रोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचं यंत्र वापरायला ही मुलं शिकली आणि गावोगाव विहिरींच्या जागा पाहायला जाऊ लागली. जुन्या जीपचे सुटे भाग जुळवून लहान ट्रॅक्टर उभा राहिला. जवळच्या शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांचा आठवड्यातला एक दिवस अशा कामाला देण्याची पद्धत तिथूनच रुजली. आरोग्याच्या तासाला मुलं रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकत. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्या आईचा आकडा आपल्या हाताने काढणं वेगळं. 2002 साली अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, काढली ती पाबळला. मोठ्या विद्यापीठाला इथे यावंसं वाटलं, कारण यंत्रांना विचारायचे प्रश्न गावात आधीच तयार होते.

प्रत्येकाने कलबागांसारखं घर हलवावं, असं मी म्हणणार नाही. ते फार थोड्यांना जमतं. पण त्यांच्या कामातला एक भाग कुणालाही उचलता येतो: आधी गावाचा प्रश्न ऐकायचा, मग आपलं शास्त्र बाहेर काढायचं.

नोकरी सांभाळून हे करणारेही होऊन गेले. 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ सुट्ट्या काढून तिकडे जात. शिक्षकांबरोबर बसून प्रयोग जमवत, जमला नाही तर बदलत. या कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचं एक पात्र होतं. मुलं त्याला प्रश्न लिहून पाठवत आणि त्याच्या नावाने उत्तर येई. तीस वर्षांनी, 2002 मध्ये, राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठका हा त्याचा कणा होता, आणि मला त्यात सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. सवालीराम काय किंवा नारळीकरांचं पोस्टकार्ड काय, मुलाकडे काहीतरी परत येत होतं.

आता रिह्यासारख्या गावात दर महिन्याला येणाऱ्या शास्त्रज्ञाने करायचं काय? माझं उत्तर पाण्यापासून सुरू होतं.

गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटी या चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकून पाहतो. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम पावडर, हा हिशेब त्याला पाठ असतो. पण तो हिशेब ताज्या पावडरीचा आहे. ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं, की क्लोरीन उडून जातं. मुळशीच्या पावसाळ्यात हवा कशी असते, ते सांगायला नको. पावडर निम्मी उतरली, तर पाच ग्रॅम टाकूनही गावाला अडीच ग्रॅमचाच गुण मिळतो. हे गणित सातवीच्या पुस्तकातल्या शेकडेवारीएवढंच आहे.

पुढचा प्रश्न त्याहून रंगतदार. टाकीजवळच्या नळाला पाणी पिवळं होतं आणि वाडीच्या टोकाच्या घरात त्याच पाण्याला रंग येत नाही. का? वाटेत पाइप गळतो आहे की आत शेवाळ आहे? पाणी रात्रभर पाइपात थांबलं म्हणून क्लोरीन संपलं का? शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. मुलांनी गावाचा नकाशा काढावा, घराघरात ओटी करून रंग भरावा, महिन्याने पुन्हा भरावा. क्लोरीन नक्की कुठे कमी होतं, ते नकाशाच दाखवेल. इथे शास्त्रज्ञ लागतो, तो प्रश्न नीट मांडायला आणि एका मोजणीवर निष्कर्ष काढू नका हे शिकवायला.

जिथे नळ नाही, झऱ्याचं किंवा आडाचं पाणी पितात, मुळशीतल्या कातकरी वस्त्यांमध्ये तर विशेषच, तिथे काळ्या पडणाऱ्या बाटलीची चाचणी आहे. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून एक-दोन दिवस ऊबदार जागी ठेवायचं; काळं झालं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शंका. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी 1982 साली ती प्रसिद्ध केली आणि पुढे ती अनेक देशांत पोचली. पंचतारांकित प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणासाठीच ती बनली होती. बाटली काळी पडली म्हणून घाबरवायचं नाही. पाणी उकळा म्हणायचं, आणि नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.

तिसरं काम त्याहून साधं. अंगणवाडीत बाळांची वजनं होतात आणि दोन-तीनशे ग्रॅमच्या फरकाने मूल एका श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत जातं. तो काटा बरोबर आहे का, हे शेवटचं कुणी पाहिलं? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच बाटल्या मोजून भराव्यात, रिकाम्या बाटल्यांचं वजन वेगळं धरावं आणि काट्यावर ठेवून बघावं. शाळेतली मुलं हे दर महिन्याला करू शकतात. सेविकाताईंच्या वहीतल्या प्रत्येक आकड्याला त्यामुळे वजन येईल. उपचार मात्र डॉक्टर आणि आशाताईंचं काम. शास्त्रज्ञाने त्यात शिरू नये. रक्त काढायचं असेल तर आरोग्य केंद्रातलं माणूस आणि आईवडिलांची संमती, दोन्ही हवं. कुठल्या मुलीचं हिमोग्लोबिन किती, हा आकडा तिचा आणि तिच्या घरचा. तो कुणाच्या अहवालात जाऊ नये, आणि फोटोत तर मुळीच जाऊ नये.

शिक्षकांबद्दलही बोलायला हवं. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालवणारी शाळा पाहुण्यांना नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणणं अवघड असतं. पाहुणा आला की तासिका मोडते, माहिती भरायची राहते, आणि पाहुणा गेल्यावर मुलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बाईच उरतात. म्हणून प्रयोग आधी बाईंनी हातात घ्यावा आणि शास्त्रज्ञाने मागे उभं राहावं, असं मला ठामपणे वाटतं. बाईंचा प्रयोग फसला तर दोघांनी मिळून दुरुस्त करावा. मुलांना त्यातून कळतं की मोठी माणसंही चुकतात आणि पुन्हा करून बघतात.

एका दिवसाच्या भेटीने काहीच होत नाही, असं नाही. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ महादुर्बीण बघायला आसपासच्या शाळा लोटतात. आपल्या मुलांनी तयार केलेली उपकरणं तिथे मांडतात. पण खोडदला दुर्बीण आणि तिच्यावरची माणसं वर्षभर तिथेच असतात. मूल पुढच्या वर्षी परत येऊ शकतं.

म्हणून यंदा फोन करणाऱ्यांना मी एक विनंती करते. परदेशातून आलेल्यांनी एकट्याने जाऊ नये. पाषाणचा किंवा हिंजवडीचा एक जोडीदार शोधावा, तो वर्षभर जाईल आणि तुम्ही दूर बसून त्याला आकडे वाचायला मदत कराल. जवळ राहणाऱ्यांनी शाळेत पाऊल टाकण्याआधी पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर महिन्याला एक तारीख लिहावी. भात लावणीचे दिवस सोडावेत, परीक्षेचे आठवडे सोडावेत. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन आधी विचारावं, की तुमच्याकडे काय अडतं, आणि तारखांचा कागद त्यांच्या हातात द्यावा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. हे बोलणं एप्रिलच्या आत व्हायला हवं.