खाट होती, सिस्टर नव्हती

परवा कपाट आवरताना माझ्या धाकट्या जावेची जुनी फाईल हाती लागली. आत इकोचा रिपोर्ट, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि पुण्यातल्या एका हॉस्पिटलची चिठ्ठी. 'भरती ३० मार्च २०२०. दोन रक्तदाते सोबत आणावेत.' त्या तारखेवर पेनानं काट मारलेली. खाली दुसरी तारीख, तिच्यावरही काट. मग तिसरी.

लहानपणी तिचा घसा वरचेवर दुखायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. घरच्यांनी 'वाढीचं अंग आहे' म्हणून सोडून दिलं. तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानं हृदयाची झडप धरली. हे दुखणं बायकांमध्ये जास्त दिसतं आणि पुष्कळदा बाळंतपणातच पहिल्यांदा डोकं वर काढतं. पण तेव्हाही लक्षात येतंच असं नाही. 'दिवस गेलेत, धाप लागायचीच' असं म्हणणाऱ्या आपणच असतो ना! तिची झडप इतकी जाड आणि अरुंद झाली होती, की फुग्यानं उघडण्याजोगी राहिली नव्हती. बदलायलाच हवी होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मंजुरीही आली होती.

आणि २४ मार्चला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. दोन दिवसांनी हॉस्पिटलचा फोन आला, 'सध्या फक्त इमर्जन्सी. प्लॅन्ड ऑपरेशनं थांबवलीत. कळवतो.' जाऊ मला म्हणाली, "ताई, बरंच झालं. पोराचा भूगोलाचा पेपर राहिलाय, तोवर मी घरातच बरी." (दहावीचा तो पेपर पुढे रद्दच झाला, हे तुम्हालाही आठवत असेल.) मला मात्र संताप आला. हृदयाचं ऑपरेशन काय साडी खरेदी आहे, पुढच्या महिन्यावर ढकलायला? 'प्लॅन्ड' म्हणजे आज केलं नाही तर आज मरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. उद्याचं कोण सांगणार?

जून उजाडला तशी ती तीन उश्या लावून बसून झोपायला लागली. खोकला आला की शेजारणी खिडक्या लावून घ्यायच्या. धाप म्हणजे कोरोनाच, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. एसटी बंद, खासगी गाडीला पास हवा.

ऑपरेशनं का थांबली, ते मला खूप नंतर कळलं. डिसेंबरात एकदाचा तिचा नंबर लागला, तेव्हा आयसीयूतल्या एका सिस्टरनं ते समजावून सांगितलं. झडप बदलायला सर्जन लागतो, हे आपल्याला माहीत असतं. पण ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवतात आणि रक्त मशीनमधून फिरवतात. ते मशीन चालवणारा माणूस वेगळा शिकलेला असतो. भूलतज्ज्ञ लागतो, आणि कोरोनाच्या पेशंटच्या घशात नळी घालायलाही तोच हवा होता. व्हेंटिलेटर लागतो, तोही तिकडेच. रक्त लागतं, आणि शिबिरं तर बंद पडलेली.

या सगळ्यांतून निभावलं तरी शेवटी गाडी अडते ती सिस्टरपाशी. पेशंट बाहेर आला की पहिला दिवसभर एका पेशंटमागे एक सिस्टर उभी लागते. छातीतल्या नळीतून रक्त किती आलं, लघवी किती झाली, हे ती तासातासाला मोजते. प्रेशर तर मिनिटामिनिटाला बघायचं. नळीतलं रक्त वाढलं किंवा एकदम थांबलं, तर सर्जनला कधी उठवायचं हे तिला कळावं लागतं. तापाच्या वॉर्डातली सिस्टर उद्या तिथे उभी केली तर कितीही गुणी असली तरी तिला ते जमणार नाही. हाताला वळण पडायला महिनेच्या महिने जातात. आणि नेमक्या याच, व्हेंटिलेटर सांभाळता येणाऱ्या सिस्टर कोरोनाच्या आयसीयूत नेल्या होत्या. वॉर्डात खाट रिकामी होती, असं ती म्हणाली. खाटेजवळ उभं राहायला कोणी नव्हतं.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नव्हती. देशातल्या मुलांच्या हृदयविकाराच्या २४ केंद्रांनी २०२० मधल्या एप्रिल ते ऑगस्टची तुलना आदल्या वर्षाशी केली, तर दर चार शस्त्रक्रियांतल्या जवळपास तीन झाल्याच नव्हत्या. हृदयाला भोक असलेली पोरं शाळातपासणीत सापडतात. शाळाच बंद, मग सापडणार कुठे? मोठ्या साथीच्या बारा आठवड्यांत जगभरात पावणेतीन कोटींहून जास्त ठरलेली ऑपरेशनं रद्द होतील किंवा पुढे जातील, असा अंदाज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासानं २०२० मध्ये मांडला होता. भारताचा वाटा पाच लाखांच्या वर.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. डॉक्टरांनी तारखा पुढे ढकलल्या हे चूक नव्हतं. ऑपरेशनच्या सुमारास कोरोना झाला तर पेशंट दगावण्याचा धोका फार वाढतो, हे त्याच वर्षी दिसून आलं होतं. माझा राग डॉक्टरांवर होता, तो चुकीच्या माणसांवर होता. खाटा वाढवता येतात हो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर २०२० च्या मे महिन्यात पाहता पाहता हजार खाटांचं केंद्र उभं राहिलंच की! पण सिस्टर मैदानावर उभी राहत नाही. जीएनएमला तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंगला चार, आणि त्यावर अनुभव. त्याच मे महिन्यात महाराष्ट्रानं केरळकडे डॉक्टर आणि नर्स मागितल्या. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतल्या शेकडो मणिपुरी नर्स नोकरी सोडून घरी निघून गेल्या. कुणाला घरमालकानं त्रास दिलेला, कुणाचे आईवडील घाबरलेले. त्यांना दोष कसा द्यावा? तासन् तास पीपीई किटमध्ये पाणीसुद्धा न पिता काढायचे, पाळीच्या दिवसांतही. घरी गेल्यावर पोराला जवळ घ्यायचं नाही. या बहुतेक जणी आपल्यासारख्याच लहान गावांतून आलेल्या, पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या मुली.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही थाळी घेऊन गच्चीत गेले होते. कोविडसाठी तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर घेतलेल्या कितीतरी मुलींना लाट ओसरल्यावर घरी पाठवलं, तेव्हा मात्र कुणाच्या हाताचा आवाज आला नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या. भरती खासगी कंपनीमार्फत करू नका, कायम पदं भरा, हे त्यांचं म्हणणं होतं. तेव्हाही ऑपरेशनं लांबली, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं, "यांना काय धाड भरलीय?"

मला विचाराल तर साथ येण्याआधी, साध्या दिवसांत नर्सची पदं पूर्ण भरलेली असणं हीच साथीची तयारी. चार माणसं जास्तीची असतील तरच चार तिकडे पाठवता येतात. तालुक्याला नव्या रुग्णालयाची फीत कापायला पुढारी येतात, तेव्हा आपण बचतगटाच्या बायका आरती घेऊन उभ्या असतो. पुढच्या वेळी आरती ओवाळून झाली की विचारा, साहेब, नर्सच्या जागा मंजूर किती, भरलेल्या किती, आणि त्यांतल्या कायम किती? खाटांचा आकडा ते आपण होऊन सांगतातच.

जावेचं ऑपरेशन नीट झालं. पण नऊ महिन्यांच्या वाटेत तिच्या हृदयाचे ठोके बेताल झाले ते झालेच. ठरल्या तारखेला झालं असतं तर ते टळलं असतं का, डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. आता रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. त्या सिस्टरचा नंबर तिनं लिहून घेतला होता, दिवाळीला फोन करायची. गेल्या वर्षी लागला नाही. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत्या त्या.

फाईल मी तिला नेऊन दिली. तिनं ती औषधांच्या पिशवीत सरकवली आणि म्हणाली, "ताई, मंगळवारी रक्त तपासायला जायचंय, तुम्ही येताय ना?"